अठराव्या भागात काकांचा हात

"पोरगी हुशार हाय, पण चोवीस वर्षांची होऊन कार्टून बघून राहिली," बैठकीत काका म्हणाले.

मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. काकांची वसमतच्या मोंढ्यात हळदीची अडत आहे. त्यामुळे घरी रोज कोणी ना कोणी व्यापारी बसलेला असतो आणि हळदीच्या बरोबरीने माझीही माहिती त्याला पुरवली जाते. आजचे पाहुणे हिंगोलीचे होते.

"कार्टून म्हंजे ते उंदरा-मांजराचं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, जपानचं. हे एवढाले डोळे! इंग्रजी शाळेत घातलं की असं होतं बघा."

मी ट्रे ठेवला, हसले आणि आत आले. (मी नेहमी हसते. लोकांना वाटतं, मुलगी गुणी आहे.) आत पोचल्यावर मला उत्तम उत्तर सुचलं. माझी सगळी उत्तम उत्तरं स्वयंपाकघरातच सुचतात. ॲनिमे म्हणजे कार्टून नव्हे! त्यात लढाया असतात, खून असतात, बांधावरून भांडणं असतात, चाळीस वर्षं वाट बघणाऱ्या बायका असतात! हे सगळं मी तावातावाने परातीतल्या कणकेला ऐकवलं. कणकेला पटलं.

मग ठरवलं, बोलता येत नाही तर दाखवून द्यायचं. घरातल्या प्रत्येकाला त्याच्या आवडीची एकेक मालिका शोधून द्यायची. चार दिवस मी वहीत याद्या केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. लोक स्थळंसुद्धा इतकी बारकाईने जुळवत नाहीत!

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त आहेत. त्यांना रेल्वेतल्या खुनाची मालिका दिली. आईला डोंगरातल्या एका खाणावळीची. काका व्यापारी, म्हणून त्यांना तांदळाच्या व्यापाऱ्याची. आणि काकूला रडायची मनापासून हौस, म्हणून तिला एका बेटावरच्या भावा-बहिणीची.

"किती भाग हायेत?" काकूने विचारलं.

"चोवीस."

"चोवीसच?" तिला कोणीतरी मापात मारल्यासारखं वाटलं. "आमच्या मालिकेत तर सून तीन वर्षांपासून त्याच साडीत रडून राहिली!"

पहिले दोन दिवस बरे गेले, म्हणजे मी सहन केले. बाबा पेन घेऊन बसायचे. "गाडी तीन-दहाला सुटली म्हणतो, अन् फलाटावरच्या घड्याळात तीन-चौदा! याला आधी निलंबित करा, खुनाचं मग बघू." आई खाणावळीतला भात बघून हळहळायची, "पाणी जास्त झालंय गं बाई तिला. कोणी सांगत का नाही?" पण बघत होते! कोणी कार्टून म्हणत नव्हतं!

आणि काकू तर पार अडकली. जपानी नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने त्या भावाचं नाव बाळू ठेवलं आणि त्याच्या मागावर असलेल्या खलनायकाचं टकल्या. दुपारची जेवणं आवरली की हाक यायची, "मने, लाव गं आपला बाळू!" या घरात 'जेवलीस का' आणि 'आलीस का' याच्या पुढे मला कोणी काही विचारत नाही. काकू विचारायची, "त्या पोरीनं चिठ्ठी काहून जाळली असंल?" आणि माझ्या तोंडून सलग पाच-पाच मिनिटं वाक्यं बाहेर पडायची! मलाच आवाज ओळखू यायचा नाही. मालिका मी तीनदा पाहिली होती. पुढे काय होतं ते मला पाठ होतं. मला फक्त तेविसाव्या भागात काकूचा चेहरा बघायचा होता. तेवढ्यासाठी मी जीव मुठीत धरून गप्प बसले होते.

काका मात्र मालिका बघतच नव्हते. ते तपासत होते.

मोंढ्यात हळदीचं पोतं कोणी वरून बघत नाही. वरचा माल दाखवायचाच असतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मधली एक कांडी काढायची, कटकन मोडायची, आतला रंग बघायचा आणि बोलायचं. काकांनी चाळीस वर्षं हेच केलं. तेच त्यांनी रिमोट घेऊन केलं! तांदळाच्या व्यापाऱ्याचा एकदम अकरावा भाग लावला, चार मिनिटं बघितला आणि बंद केला.

"कच्चा माल."

"काका, पहिल्या भागापासून बघायचं असतं," मी म्हणाले. (म्हणजे पुटपुटले. म्हणजे ओठ हलले.)

"मने, इमानदार माल कुठूनबी बघ, बराबर निघतो."

इथवर ठीक होतं. पण आपलं पोतं तपासून झाल्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या पोत्यांत हात घातला! दुसऱ्या दिवशी जेवताना वरण ओतून घेत ते सहज म्हणाले, "तुमच्या त्या रेल्वेत खून तिकीट तपासणाऱ्यानं केलाय."

बाबांचा घास हातातच राहिला. "अरे! मी सहाव्या भागावर आहे!"

"मग वाचले ना तुमचे सहा भाग? अन् वहिनी, ती बाई खाणावळ विकून गावाला निघून जाते बरं का."

आईने त्या दिवशी काकांना दुसरी पोळी मागून घ्यायला लावली. आमच्या घरात याला उघड बंड म्हणतात.

आता उरला होता फक्त बाळू. मी रिमोट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवला. बाबांनी, सुडाच्या भावनेने असेल, टीव्हीच्या वायरीवर आपली पिशवी टाकून पहारा दिला. काकूला मी शपथ घातली, "काकांशी या विषयावर बोलायचं नाही." सतरावा भाग निर्विघ्न पार पडला. मी विसरले ते एवढंच, की काकांच्या दुकानात मुनीम आहे आणि मुनिमाला मोबाइलवर सगळं लावून देता येतं!

रविवारी हिंगोलीचे व्यापारी पुन्हा आले. काकू चहा घेऊन गेली, मागून मी बिस्किटं घेऊन.

"अगं ऐक," काका प्रेमाने म्हणाले. (खरंच प्रेमाने! तकलीफ वाचवायची म्हणून!) "तुझा तो बाळू काय टिकत न्हाई. अठराव्यात हात घातला मी. नाव उलटली, पोरगं बुडालं. बहीण काठावर दिवा लावून बसली. खलास. आता रोज दुपारची झोप मोडू नको."

काकूने ट्रे खाली ठेवला नाही, तो आपोआप खाली गेला. "बाळू गेला?"

"गेला."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "मने, तुला ठावं होतं? अन् गोड गोड बोलून मला बघाया लावलंस व्हय? उद्यापासून लावू नको. मला न्हाई बघायचं काही!" पदराचं टोक डोळ्यांना गेलं.

"कोण वारलं?" पाहुणे दचकून कप ठेवत म्हणाले.

"कोणी न्हाई हो," काका म्हणाले. "कार्टूनातलं."

या वेळी स्वयंपाकघरापर्यंत जायची मला गरजच पडली नाही. बिस्किटांची बशी हातात, समोर परका माणूस, बैठकीची खोली, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. म्हणे, रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानातही ऐकू गेला:

"बाळू मेला नाही, काका! तेविसाव्या भागात तो मिठाच्या गलबतात लपून परत येतो, टकल्या त्याचा शत्रू नसतोच, बाप असतो बाप, आणि सगळ्यात शेवटी बहीण स्वतःच्या हाताने दिवा विझवते! तुम्ही मधली कांडी मोडून सगळ्यांच्या मालाची वाट लावता! अन् कार्टून न्हाई ते! अन् काकू, तू आधी रडायचं थांब आणि एक कायमचं लक्षात ठेव, मालिकेचा शेवट कोणी कोणाला कधीही सांगायचा नसतो!"