राक्षसाची मोडकी छत्री

पेडण्याच्या ज्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते, तिथे संगणकाच्या खोलीत मोठा पडदा बसला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. प्रशिक्षणात आम्हाला इंटरनेटवरचे कितीतरी धडे दाखवले होते. त्यातलाच एक संवाद मी नववीला ऐकवला. एक गिऱ्हाईक दुकानात मोडकी छत्री परत करायला येतं, एवढीच गोष्ट. संवाद संपला तरी वर्ग आपला माझ्याकडे बघतोय.

"टीचर, त्यानं छत्री घेतली की दिली?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं.

बोलणारे परदेशी होते आणि भरधाव बोलत होते. डिचोलीला घरी आल्यावर मी त्याच गोष्टीवर सोपा संवाद लिहिला. गिऱ्हाईकही मीच, दुकानदारही मीच. मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला विचारलं, "आता कळलं ना?"

"कळलं, टीचर. पण झोप आली."

वर्ग खो खो हसला. मलाही हसू आवरेना. तेव्हा तीच म्हणाली, "माझ्या बाबांना बोलायला सांगा. ते नाटकात राक्षस करतात. ते बोलायला लागले की कोण झोपणार?"

तिचे वडील दिवसा नारळांचा टेम्पो चालवतात आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारी नाटकात काम करतात. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. माझं म्हणणं ऐकून ते चपापलेच.

"टीचर, माका इंग्लिश खंय येता?"

"मुलगी सांगेल तसं म्हणायचं. दुकानदार ती, गिऱ्हाईक तुम्ही."

आतून त्यांच्या बायकोनं चहा आणि गरम उंडे पाव आणले. उंडा चहात बुडवत त्यांनी लेकीकडून एकेक वाक्य म्हणून घेतलं. अर्थ नीट विचारून घेतला. "म्हणजे हा रागावलाय, पण छत्री खरंच मोडकी आहे. बरोबर?" मी हो म्हटल्यावर ते उठून उभे राहिले. बसून म्हणे आवाज लागत नाही. मी मोबाइल धरला.

"धिस अंब्रेला इज ब्रोकन!"

अंगणातल्या कोंबड्या फडफडत पळाल्या. लेकीनं शांतपणे दुकानदाराचं वाक्य म्हटलं, "आय अ‍ॅम सॉरी, सर." लिहिलेलं पुढचं वाक्य त्यांच्या तोंडी होतं, पण त्यांच्या नाटकात संवाद लिहिलेले नसतातच, समोरच्याचं ऐकून जागच्या जागी बोलायचं असतं. त्यांनी डोळे वटारले. "सॉरी? व्हाय सॉरी? टेल मी, व्हाय?"

मुलगी क्षणभर गडबडली. कागदावर तर असलं काहीच नव्हतं. मग तिनं कमरेवर हात ठेवले. "बिकॉज यू आर शाउटिंग, सर!"

ते इतके खूश झाले की राक्षस बाजूला ठेवून हसायलाच लागले. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. ते हसणंही तसंच ग्रुपवर गेलं.

सोमवारी मी व्हरांड्यात असतानाच वर्गातून गर्जना ऐकू आल्या. प्रत्येक बाकावर एक गिऱ्हाईक आणि एक दुकानदार. कुणाची चप्पल तुटली होती, कुणाचा पंखा बिघडला होता. वर्षभर ज्यांच्या तोंडून 'येस टीचर'च्या पुढे शब्द निघाला नव्हता, ती मुलं एकमेकांना 'व्हाय?' विचारत होती आणि दुसऱ्याला उत्तर देणं भागच होतं. व्याकरणाच्या चुका रग्गड होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. दाराशी उभी राहून नुसती ऐकत होते. हजेरी घ्यायचंही विसरले.

त्यानंतर आम्ही बरेच संवाद केले. दवाखाना, बस स्टँड, पोस्ट. राक्षसबाबांनी एकदा हट्टानं म्हातारीचंही काम केलं. डिचोलीच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण ते सगळे आपल्या वर्गाला ऐकवते. परवा तिच्या मुलांनी तिला विचारलं, "हे सर कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

मी ते राक्षसबाबांना सांगायला मुद्दाम त्यांच्या घरी गेले. ते टेम्पोत नारळ भरत होते. ऐकून त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला, घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली आणि मला म्हणाले, "टीचर, परत एकदा सांगा. हिच्यासमोर."