डिझेलची खडखड

ताडकळसच्या फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा तो माणूस कामात असला की मान वर करून कुणाकडे बघायचाच नाही. शाळेत जाताना मी रोज तिथं थांबायचो. माझ्या डिझेल गाडीची खडखड वळणावर ऐकू आली, की तो बारक्या पातेल्यात माझा बिनसाखरेचा चहा ठेवायचा. मी बाकड्यावर टेकेपर्यंत कप समोर यायचा.

"तुमची गाडी लय बोलती, सर," तो म्हणायचा. "तुमी न्हाई बोललात तरी चालतंय."

गेल्या महिन्यात ती गाडी मी ताडकळसच्याच एका दुकानदाराला विकली आणि घरच्यांच्या हौसेखातर मोठी पेट्रोलची एसयूव्ही घेतली, तीही जुनीच. गाडी ऐसपैस आहे, पण चालू आहे की बंद, हे आत बसूनही कळत नाही.

ती घेऊन पहिल्यांदा फाट्यावर गेलो, तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती. म्हटलं, बघू तरी ओळखतो का. मी गुपचूप बसलो. त्यानं न वळताच सगळ्यांसाठीचा गोड चहा मागं सरकवला. मी हाक मारणार, तेवढ्यात वळणावर तीच जुनी खडखड आली. त्याचा हात आपसूक बारक्या पातेल्याकडे गेला.

"पाव्हणं, जरा सरकून बसा," तो मला म्हणाला. "आमचे सर यायलेत."

गाडी न थांबता पुढं निघून गेली. मी सरकून बसलो होतो.