उखर्डूमिस्त्रींनी न उघडलेला भाता

नादुरुस्त पेटी दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा शनवाऱ्यातल्या उखर्डूमिस्त्रींचा नेम होता. गिऱ्हाईक म्हणे, "मिस्त्री, एकच सूर अडकतो, तेवढा बघा." मिस्त्री तो सूर मोकळा करत आणि मग भाता, पट्ट्या, बिजागऱ्या असं सगळंच उघडून बसत. निंबोल्याच्या भजनी मंडळाची पेटी रामनवमीला आली ती गोकुळाष्टमीला परत गेली. मधले चार महिने मंडळानं टाळांवर देव आळवला.

अशा माणसाच्या बायकोला दम लागू लागला. मालूबाई पाण्याची घागर घेऊन तीन पायऱ्या चढल्या की उंबऱ्यावर बसत. संध्याकाळी पाय सुजत. एके दिवशी मिस्त्रींनी सरळ त्यांच्या छातीला कान लावला.

"अवं, दार उघडं हाय!"

"हालू नको. आत सूं वाजतंय. झडप बसत नै तुझी."

पेटीच्या भात्याला आतून चामड्याच्या झडपा असतात. हवा आत जाऊ द्यायची, मागं येऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. झडप वाकडी झाली की हवा सूं करत मागं फिरते आणि वाजवणाऱ्याचा हात भाता मारून मारून दमतो.

डॉक्टर गजाननराव नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, निदान बरोबर आहे. हवेच्या जागी रक्त, एवढाच फरक. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का यांना?"

आला होता. धूलकोटला, माहेरी, अकराव्या वर्षी.

"मग उघडा की, साहेब. नवं चामडं लावा. मी फुकट देतो."

"मुंबईला चिकटलेली झडप मोकळी करायला लागलेत. गळकी झडप बसवणं अजून कुणाला धड जमत नाही. भाता हळू चालवायचा, हाच उपाय. मीठ बंद, दळण बंद, पाणी भरणं बंद. आठवड्याला एक लघवी होण्याचं इंजेक्शन. आणि नाडी संथ करायला हे थेंब, सकाळ-संध्याकाळ दहा. आधी घड्याळ लावून नाडी मोजायची. मिनिटाला साठाच्या खाली असली तर थेंब नाही."

त्याच हिवाळ्यात राज्यांची फेरमांडणी होऊन राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती. आपले कागद आता कुठल्या गाडीनं जाणार, याची शेजारच्या मोतीलाल मास्तरांना चिंता. मिस्त्रींच्या घरी मात्र पाणी कोण भरणार हाच प्रश्न होता. विहिरीवर बायकांच्या रांगेत मिस्त्री उभे राहिले.

"पदर घ्या डोक्यावर, मिस्त्री!" गोदाबाई ओरडल्या.

"घेतो. आधी घागर उचलू लाग."

मास्तरांचं घड्याळ मागून आणून मिस्त्रींनी नाडी धरली. एकशे अठरा! आणि ताल तर विचारूच नका. दोन ठोके पळत, एक रेंगाळे. भजनाला असा तबलजी असता तर मिस्त्रींनी त्याला पहिल्या अभंगालाच उठवलं असतं.

आठ दिवसांत नाडी ऐंशीवर आली. मालूबाई आडव्या झोपू लागल्या. मिस्त्रींचा हात आपोआप मिशीवर गेला. "लय माझ्या बोटात हाय," म्हणत त्यांनी घड्याळ परत केलं. खरं गाणं विलंबितात, हे त्यांचं जुनं मत. बायकोची नाडी छान विलंबितात बसावी म्हणून त्यांनी दहाचे पंधरा थेंब केले, मग वीस. नाडी खरंच संथ होत गेली. मिस्त्री खूश.

पाचव्या दिवशी मालूबाईंनी खाल्लेलं सगळं उलटून टाकलं. पडल्या पडल्या म्हणाल्या, "अवं, तुमचं धोतर हळदीत पडलं काय?"

मिस्त्रींनी धोतर उजेडात धरलं. पांढरं.

"आन् भिंत?"

"भिंत बी पिवळीच."

मिस्त्री अनवाणी धावले. डॉक्टरांनी मनगट धरलं. बेचाळीस.

"किती थेंब देत होता?"

"वीस. लय बसवत होतो, साहेब."

डॉक्टर ओरडले नाहीत, हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "पिवळं दिसतं ते थेंब जास्त झाल्यानंच. आणखी दोन दिवस दिले असते, तर लय बसवायला कुणी उरलं नसतं. थेंब बंद. मी रोज येईन."

दुकानाला कुलूप लागलं. मिस्त्री खाटेशी बसून राहिले. हातात ना पेचकस, ना सरस.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुला पेटी समजलो."

"पेटीला तुमी चार महिने घालवता," मालूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "माझ्याच पायी घाई!"

चौथ्या दिवशी त्यांनी डोळे बारीक करून नवऱ्याकडं पाहिलं. "पांढरं दिसतंय धोतर. पर मळलंय."

इतकं गोड बोलणं मिस्त्रींनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते लगेच मास्तरांकडं गेले आणि घड्याळ पुन्हा मागून आणलं. नाडी अडुसष्ट. डॉक्टरांनी थेंब पुन्हा सुरू केले, दिवसाला पाच. मिस्त्री एकेक थेंब मोठ्यानं मोजत. सहावा पडू नये म्हणून बाटली आधी घट्ट बंद, मग वाटी मालूबाईंच्या हातात.

पायांची सूज उतरली. मालूबाई ओट्यावर बसून भाजी निवडू लागल्या आणि विहिरीवरून येणाऱ्या नवऱ्याला "सांडू नका" म्हणू लागल्या. एका दुपारी मिस्त्रींनी पुन्हा छातीला कान लावला. या खेपेला दार आधी लोटून घेतलं होतं.

"मिटली का झडप?" मालूबाईंनी विचारलं.

सूं... सूं... रक्त होतं तसंच मागं फिरत होतं.

"नै," मिस्त्री म्हणाले, आणि कान तसाच ठेवला. "वाजतंय अजून. वाजू दे."