चंद्रावरचा तलाव

१९५७ साली रशियाने आभाळात नकली चंद्र सोडला आणि इकडे आमच्या सावली गावात माझा भाव वधारला. खऱ्या चंद्रावर जाऊन आलेला गावात मी एकटाच होतो, निदान वाचून तरी. लहानपणी एका मासिकात चंद्राच्या सफरीची गोष्ट वाचली होती. पुढे मास्तर झालो, पेन्शनीत निघालो, पण ती गोष्ट ऐकवायची खोड काही गेली नाही.

चंद्रावर भला मोठा तलाव आहे, उन्हाळ्यात तिथेही आपल्या गावासारखा घरोघर मासोळीचा वाटा पडतो, असं मी सांगायचो. माझी बायको गोकुळा ढिवराची, म्हणजे मासेमाराची लेक. ती हे बायकांना शपथेवर सांगायची. त्या साली मासेमारांचा म्होरक्या डोमाभाऊ चारचौघांत म्हणाला, रेडिओवाले तर चंद्र कोरडा सांगतात. मी तावातावाने म्हणालो, छापलेलं दाखवतो. आणि चांद्याच्या वाचनालयातून तो जुना अंक घेऊन आलो.

घरी चष्मा चढवून वाचायला बसलो आणि घाम फुटला. नायक कोट-धोतरात चंद्रावर उतरतो, डब्यातले लाडू खातो, विद्येच्या महतीवर व्याख्यान झोडतो आणि परत येतो. ऐकायला तिथे कुणी नसतंच. मीही जन्मभर तसंच शिकवलं म्हणा. पण तलाव? मासोळीचं खवलंसुद्धा नाही. मग आठवलं. लग्नाच्या वर्षी ही गोष्ट ऐकून गोकुळाने विचारलं होतं, "मासोळी नाई तं तिथी जायचं कायले?" तिच्यासाठी तो तलाव मीच खोदला होता, आणि सांगता सांगता मलाच तो छापील वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी गावच्या तलावाच्या पाळीवर सगळे जमले. गोकुळा माझ्या शेजारी येऊन बसली. मला तोंडघशी पडायची सवय होती, तिला नव्हती. मी व्याख्यानाचं पान उघडलं आणि वाचू लागलो: तलाव, जाळी, वाटे, पहिला वाटा विधवेच्या घरी. लोक माना डोलवत होते. मीही रंगात आलो.

जन्मभर मास्तरकी केली, पण गोकुळाला अक्षर शिकवायचं राहूनच गेलं होतं. ती माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "पान तं उलटवा जी. डोमाभाऊ पाहून राह्यले."