डब्यातली चमचाभर साखर

वाचकहो, आज दुपारी आमची लेक ईशा घरी आली, इथे अमेरिकेत कॅरी गावी. जन्म इथलाच, मराठी पोळी-भाजीपुरतं. पण नेलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा तिच्या आईचा कायदा ती पाळते. नोकरी लागल्यापासून डब्यातून महागडी चॉकलेटं यायची. मी ती इथल्या महाराष्ट्र मंडळात वाटायचो आणि सोबत तिच्या पगाराचा आकडाही सांगायचो, कुणी न विचारता.

आज बायकोनं डबा उघडला, तर आत चमचाभर साखर. घरात दुसरं काही नसेल तर साखर घालावी, हेही तिनंच शिकवलेलं.

"ईशू, काय झालंय?"

"आय गॉट लेड ऑफ, आई. इन मार्च." मग माझ्याकडे वळून, "बाबा, प्लीज, मंडळातल्या काकूंना सांगू नकोस."

"अगं, नोकरी गेली, तर आम्हाला तरी सांगायचंस!"

"यू वर सो प्राउड, बाबा. ऑल द टाइम."

एरवी माझ्या जिभेला हाड नसतं. आज मी फक्त ती साखर तिच्या चहात घातली.

डबा रिकामा आणू नये, हे आम्ही तिला नीट शिकवलं. रिकाम्या हातानं घरी यायला हरकत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही तुमच्या मुलांना सांगितलंय का?