सामंत मास्तरांचा वॉल्ट्झ आणि आंब्यांची अढी

सुताराने रंधा मारला की भुसा पडतोच, तो कोणी मागवत नाही. आमच्या चौघांच्या पियानोचंही तसंच. वाजवायला बसलो ते सूर निघावेत म्हणून, निघाले किस्से. सूर गेले वाऱ्यावर, किस्से मात्र अजून माझ्या डोक्यात ढिगाने पडून आहेत.

मी बाबी मेस्त्री, मालवणचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांना दया आली म्हणून. चर्चमधला पियानो वाळवीने खाल्ला तेव्हा पाद्रीबाबांनी मला दुरुस्तीला बोलावलं. दुरुस्त करता करता बोटं चाळवली आणि खोड लागली. पुढे दोन मेलेल्या पियानोंचा मिळून मी एक जिवंत केला. त्याच्या सात पट्ट्या मुक्या. बाकीच्या बोलतात, हे काय कमी आहे?

दुसऱ्या फिलू टीचर. मालवणच्याच, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या वडिलांनी गोव्याहून होडीत घालून पियानो आणला होता. तिसरे आंबोलीचे गावडे डॉक्टर. चौथे मिठबावचे सामंत मास्तर.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते. टीचरनी टूम काढली. एकच कॅसेट चौघांत फिरवायची. प्रत्येकाने घरी आपलं वाजवून भरायचं, एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. पुढच्याने ऐकायचं आणि त्याच्याखाली आपलं मत बोलून भरायचं. पण नियम असा, की आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या. मगच चुका!

मी म्हटलं, "टीचर, आणि चांगल्या गोष्टी दोन नसल्या तर?"

"शोधायच्या, मेस्त्री. लाकडात गाठी शोधतास तशा."

*

कॅसेट भरायची पहिली पाळी डॉक्टरांची. जुलै महिना आणि आंबोली! लावली तर नुसता पाऊस. कौलांवर पाऊस, पागोळ्यांचा पाऊस, खाली ठेवलेल्या बादलीत पाऊस. मला वाटलं माझा रेकॉर्डर बिघडला. दोन चापट्या मारल्या. पाऊस थांबेना.

त्यात डॉक्टरांचा पियानो दमट हवेने फुगलेला. पट्टी दाबली की खालीच बसायची, वर यायचं नाव नाही. ते आत दिवा लावून ठेवत, पियानो सुकवायला. काजूच्या बिया शेकाव्या तसा.

वाजवता वाजवता मधेच एका म्हाताऱ्याचा आवाज आला. पेशंट बाहेर ताटकळत बसलेला. म्हणतो, "डॉक्टरांनू, पोटात माझ्या दुखता, आणि कण्हता तो तुमचो पियानो!"

टीचरनी नियम पाळला. गोड आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, पहिली गोष्ट, पाऊस एका लयीत लागला होता. दुसरी गोष्ट, मधूनमधून पियानोही ऐकू आला."

*

सामंत मास्तरांचं दुखणं निराळं. टीचरच्या वडिलांनी हाताने लिहिलेला एक वॉल्ट्झ होता, तीन ठोक्यांच्या ठेक्यावरची नाचाची चाल, तो टीचरनी आम्हा सगळ्यांना उतरवून दिला. मास्तर तो वाजवायचे, आणि मध्यावर एक उडी आहे, डावा हात लांब टाकावा लागतो, तिथे अडकायचे. अडकले की "अरेरे!" म्हणायचे आणि पहिल्यापासून सुरू. पुन्हा तीच उडी, पुन्हा "अरेरे!" कॅसेटची एक बाजू भरली, वॉल्ट्झ अर्धाच.

मतं भरायची पाळी माझी. मी भरलं, "मास्तर, पहिली चांगली गोष्ट, तुमचो रेकॉर्डर बरो आसा. दुसरी चांगली गोष्ट, शेवटाक तुम्ही थांबलास."

दुसऱ्या दिवशी टीचर कॅसेट आणि छत्री घेऊन माझ्या दुकानात. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.

"मेस्त्री, पुसा तां! आत्ताच्या आत्ता!"

"खरां तांच बोललंय, टीचर."

"खरां बोलूक सगळो गाव आसा. आपण चौघे कित्याक आसव?"

मी रंधा खाली ठेवला. पुसलं. नवीन भरलं, "मास्तर, उडीपर्यंत तुम्ही सरळ जातास. आणि अडाकलास तरी उठान पळणास नाय." टीचर छत्री काखेत मारून गेल्या.

*

माझी पाळी आली. माझं घर रस्त्याला लागून. वाजवायला बसलो आणि खिडकीत मासेवाली. "मेस्त्रीनू, बांगडे! फडफडीत आसत, बघा!" मी मानेने नको म्हणतोय, हात थांबवत नाही. ती ऐकते कसली? बांगड्यांचं सगळं कौतुक तिने वॉल्ट्झवर घातलं. शेवटी मी ओरडलो, "ठेय दोन आणि चालती हो!" तेही भरलं.

टीचरनी उट्टं काढलं. "मेस्त्री, पहिली गोष्ट, मासेवालीचा गळा सुंदर. दुसरी गोष्ट, ती बोलत असताना तुम्ही हळू वाजवलंत, हा मोठेपणा."

मास्तरांनी मात्र वेगळंच भरलं होतं. "मेस्त्री, तुमच्या सात पट्ट्या वाजत नाहीत. पण त्यांच्यावरही तुम्ही बोट ठेवताच. लाकडाचं टक् ऐकू येतं. तुम्ही एकही सूर चुकवत नाही, न वाजणारासुद्धा. मला फार आवडलं."

ते मी तीनदा ऐकलं. कॅसेट नीट चालते की नाही ते बघत होतो, दुसरं काही नाही.

*

मग मास्तरांच्या घरी भडका उडाला.

त्यांचा पियानो होता माजघराशेजारच्या खोलीत. घरातली सगळ्यात कोरडी, उबदार खोली. आंब्यांची अढी घालायला तीच बरी, असं सामंत वहिनींचं म्हणणं. आंबे झाडावरून उतरवले की पेंढ्यात थर लावून पिकत घालायचे, त्याला जागा लागते, ऊब लागते. परसातल्या मांगरात, पेंढा-लाकडं ठेवायच्या खोपटात, घातले तर उंदीर खातात. दोन वर्षं त्यांनी सोसलं. तिसऱ्या वर्षी कंबरेला पदर खोचून सांगितलं, "अवो, दोन वर्सां ह्या घरात अर्धोच वाजता. आंबे उतरूच्या आधी एकदा, एकदाच, तो न अडाकता पुरो वाजवा. नायतर पियानो चर्चच्या हॉलाक देवन टाका. हय अढी पडतली."

मास्तरांनी हे कॅसेटमध्ये भरलं. आवाज अगदी खाली. "मित्रहो, होळी झाली. माझ्याकडे फार तर दीड महिना आहे. ही कॅसेट मी वाजवल्याशिवायच पाठवतोय. क्षमस्व."

डॉक्टरांनी डाव्या हाताच्या मनगटाला कुठलं तेल चोळायचं ते भरून पाठवलं. टीचरनी ती उडी तीस वेळा, हळूहळू, वाजवून पाठवली. मी काय सांगणार? मी भरलं, "मास्तर, खिळो मारताना हाताकडे बघू नये, खिळ्याकडे बघूचा." आणि खाली दोन चांगल्या गोष्टीही भरल्या. मास्तरांनी काही वाजवलंच नव्हतं, तरी भरल्या!

*

मालवण–देवगड गाडीचा कंडक्टर कॅसेटचा डबा ने-आण करायचा. एकदा डबा माझ्या हातात देताना सहज म्हणतो, "मेस्त्रीनू, मास्तर आजून थंयच अडाकतत मां?"

"तुका रे काय म्हायत?"

"रविवारी घराक नेतंय मां मी कॅसेट! आमची बायल स्वयंपाक करता करता ऐकता. म्हणता, ह्येंका उडी जमाक व्हयी हां, बिचारे." मग जरा विचार करून म्हणाला, "आणि ते बांगडे तुम्ही घेतलास ना शेवटाक?"

मी त्याला असं झापलं की गाडी वेळेवर सुटली.

*

आता त्या वॉल्ट्झचं सांगतो.

आंबे उतरायला आठवडा राहिला असेल. डबा आला, वर मास्तरांची चिठ्ठी. "सौ. सकाळी देवगडला बहिणीकडे गेली. घरात कोणी नव्हतं. एकदाच झालं. ऐका."

मी लावलं. वॉल्ट्झ सुरू झाला. उडी आली. मी खुर्ची धरली. मास्तरांनी उडी मारली आणि पलीकडे उतरले! तिथून शेवटापर्यंत सरळ. अगदी शेवटच्या सुराची पट्टी त्या दिवशी अडकली असावी, तर हा माणूस थांबला नाही, खालच्या सुरावर येऊन संपवलं. टीचरच्या बापाने असं लिहिलंच नव्हतं. पण संपवलं.

मला राहवेना. ती उडी पुन्हा ऐकावी म्हणून कॅसेट मागे घेतली. उडी ऐकली. आणि आनंदाच्या भरात तिथल्या तिथेच लाल बटण दाबून बोलत सुटलो. बोलून झालं तरी बटण दाबलेलंच, कॅसेट फिरतच राहिली, आणि मग डोक्यात उजेड पडला. उडीच्या पुढचं सगळं मी माझ्या थोबाडाने पुसलं होतं.

त्या रात्री जेवलो नाही. सकाळच्या गाडीने मिठबावला गेलो.

वहिनी घरापुढच्या खळ्यात, अंगणात, पेंढा उन्हात पसरत होत्या. मास्तर म्हणाले, "बरे आलात! आत्ताच हिला सांगत होतो. लावा, लावा!" मला बोलायची संधीच दिली नाही. रेकॉर्डर खळ्यात आणला. वहिनी पेंढा पसरतच राहिल्या.

वॉल्ट्झ चालला. उडी आली. मास्तर पलीकडे उतरले. वहिनींचा हात थांबला.

आणि माझा आवाज! "शाब्बास मास्तर! जिकलास! पहिली चांगली गोष्ट, उडी. दुसरी चांगली गोष्ट, उडी. चुको नाय. चुको काडतलो तेचा तोंड फोडीन!" मग नुसती खरखर.

"मेस्त्रीनू," वहिनींनी विचारलं, "शेवट खंय गेलो?"

"माझ्या हातान पुसलो, वहिनी. वाजवल्यानी पुरो. माझ्या डोळ्यांदेखत… कानांदेखत. माका काय ती शिक्षा करा, पियानो काढू नकात."

मास्तर पांढरेफटक पडले. "मी पुन्हा वाजवतो," म्हणाले, आणि आत जाऊन बसले. आम्ही खळ्यात उभे. वॉल्ट्झ सुरू झाला. उडी आली.

"अरेरे!"

मी मान खाली घातली. आतून मास्तरांनी झाकण मिटल्याचा आवाज आला. ते दारात येऊन उभे राहिले, पण बाहेर येईनात.

वहिनी खाली वाकल्या. पेंढ्याची कवळ उचलली. आणि काम करता करता बाया गुणगुणतात तशा गुणगुणायला लागल्या. उडीच्या पुढचं. मी पुसलेलं. एकही सूर न गाळता त्या शेवटाला आल्या, आणि शेवटचा सूर वर न घेता खालच्यावर आणून टेकवला.

मास्तरांनी दाराची चौकट धरली. "अगो, तू… तू त्या दिवशी देवगडला गेली होतीस ना?"

वहिनींनी पेंढ्याची कवळ डोक्यावर घेतली.

"अवो, तो मांगर झाडून घेवा आधी," त्या म्हणाल्या. "आणि उंदरांक कायतरी करा. अढी थंयच घालतंय."