उस्ताद फिक्रींचा अस्वानचा मुक्काम

मिसरमधल्या तांता शहरात, मुलींच्या शाळेत उस्ताद फिक्रींनी छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बाकं बदलली, मंत्री बदलले तशी पुस्तकं बदलली, पण त्यांच्या वर्गातला तक्ता काही बदलला नाही. ‘मिसरचे पक्षी’ असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आणि खाली अठ्ठेचाळीस पक्षी हजेरीला उभे असल्यासारखे ओळीने उभे. कोण किती अंडी घालतं, कोणाचं वजन किती, कोण मासे खातं, कोण किडे, सगळं उस्तादांना तोंडपाठ. प्रत्यक्षात मात्र त्या अठ्ठेचाळीसांतले अकराच त्यांनी पाहिले होते. त्यातले दोन बाजारात, पिंजऱ्यात. आणि एक, म्हणजे लावा, ताटात.

हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. पण एका वर्षी इब्तिहाल नावाच्या चौकस मुलीने हात वर केला. तक्त्यावर एक पक्षी होता, त्याला आमच्याकडे सुलतानाची कोंबडी म्हणतात. अंग निळंजांभळं, चोच लालभडक, पाय लांबलचक आणि तेही लाल.

“उस्ताद, असली कोंबडी खरंच असते? तुम्ही पाहिलीय?”

“तर! कितीदा,” उस्ताद बोलून गेले.

चाळीस मुलींसमोर. माणूस खरं तर सुतासारखा सरळ. त्यामुळे एवढंसं खोटं त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अडकलंच.

निवृत्त झाल्यावर आठवडाभरातच त्यांनी बायकोला सांगितलं, “तहिया, आपण हिवाळ्यात अस्वानला जाऊ.”

तहिया खूश झाली. लग्नानंतर ती दोघं एकदाच, दोन दिवस अलेक्झांड्रियाला गेली होती, तेही तिच्या आईला बरोबर घेऊन. “देवळं बघायला?”

“पक्षी बघायला.”

तहियाने त्यांच्याकडे बघितलं, मग छतावरच्या त्यांच्या कबुतरांकडे बघितलं, आणि चहा ठेवायला गेली. पण परत आली ती दोन अटी घेऊन. लेकीच्या नावावरून ती त्यांना अबू सुहैर, म्हणजे सुहैरचे वडील, म्हणे. “ऐका, अबू सुहैर. एक, संडास खुर्चीचा पाहिजे, माझे गुडघे आता मुडपत नाहीत. दोन, घरात कुठलंही जनावर नको. एवढं असेल तर मी तुमच्या कावळ्यांनाही सलाम करीन.”

उस्तादांच्या अटी वहीत होत्या आणि त्या नऊ होत्या. खिडकी पाण्याकडे हवी. पाण्यात लव्हाळं हवं. सकाळचं ऊन पाठीमागून यायला हवं. गाण्याबजावण्याचा गोंगाट नको. वगैरे. रोज दुपारी वही पुढ्यात घेऊन ते अस्वानच्या हॉटेलांना फोन लावत, वर्गात विचारत त्याच आवाजात.

“तुमच्याकडे पक्षी मिळतील का?”

“मिळतील ना साहेब. भात भरून की भाजून?”

दुसरीकडे विचारलं, “खिडकीखाली लव्हाळं आहे का?” तर तिकडचा माणूस दुखावला. “आमच्याकडे रोज झाडलोट होते, उस्ताद. असलं काही सापडणार नाही.”

शेवटी तहियाने वही मिटली आणि नदीकाठच्या एका सातमजली हॉटेलात खोली ठरवून टाकली. गरम पाणी, लिफ्ट आणि तिच्या मनासारखा संडास. तेरा तासांचा आगगाडीचा प्रवास करून दोघं पोचली, खोलीत शिरली, आणि उस्तादांनी धावत जाऊन खिडकी उघडायला घेतली. खिडकी उघडायचीच नव्हती. सबंध भिंतभर काच होती, आणि खाली खोल नाईल एखाद्या नकाशासारखी पसरली होती. तिच्यावर पांढरे ठिपके हलत होते.

“दिसले का पक्षी?” तहियाने विचारलं.

“दिसले. कोण ते अल्लाला ठाऊक.”

दुसऱ्या दिवशीही ते त्या काचेला नाक लावून बसले. काचेवर त्यांच्या नाकाचा डाग पडला. तो बघून तहियाला त्यांची दया आली. तिने खाली जाऊन पक्षी जवळून कुठे दिसतील ते व्यवस्थापकाला विचारलं. तो अदबीने, ‘सित्त’ म्हणजे बाईसाहेब अशी हाक मारत म्हणाला, “जनावरंच बघायची तर पश्चिमेच्या काठावर जा, सित्त. तिकडच्या गावातली घरं म्हणजे अगदी निसर्ग.”

शलाली नावाच्या नावाड्याने त्यांना पलीकडे सोडलं. घर पिवळंनिळं रंगवलेलं, अंगणात वाळू, भिंतींवर चित्रं. उस्ताद वही काढून सकाळचं ऊन कुठून येईल ते मोजू लागले. तहियाने आपलं गाठोडं अंगणातल्या लोखंडी जाळीवर टेकवलं आणि ती त्यावर बसणार, एवढ्यात खालून कोणीतरी फुसकारलं.

जाळीखाली मगर होती.

“घाबरू नका, सित्त,” घरमालक अभिमानाने म्हणाला. “आमच्याकडे घरोघर असते. तिचं जेवण झालंय.”

“कधी?”

“मंगळवारी.”

“आज वार कोणता?”

“सोमवार.”

तहिया गाठोड्यासकट ओट्यावर चढली. गुडघे मुडपत नाहीत म्हणणारी बाई दोन पायऱ्या एका ढांगेत चढली, हे उस्तादांच्या लक्षातच आलं नाही. कारण ते जाळीवर वाकून विचारत होते, “नर आहे की मादी?”

“पाहुणे म्हणतील ते,” मालक म्हणाला.

“अबू सुहैर!” ओट्यावरून आवाज आला. “निघायचं, की तिचं वजनही करायचंय?”

काठावर शलाली नाव बांधून निवांत शेंगदाणे खात बसला होता. तो परत गेलाच नव्हता. उत्तरेकडच्या बायका त्या घरात किती वेळ टिकतात, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. नाव पाण्यात लोटल्यावर त्याने उस्तादांना नेमकं काय पाहिजे ते विचारलं. उस्तादांनी नऊच्या नऊ अटी वाचून दाखवल्या.

शलालीने वल्हं थांबवलं. “म्हणजे उस्ताद, जिथे डास आहेत अशी जागा.”

“डास असले की किडे असतात, किडे असले की...”

“कळलं. माझी मावशी आहे बेटावर. तिच्याकडे एक खोली आहे. डास सगळीकडेच आहेत.”

शलालीची मावशी शाया म्हणजे उंच, काटक, काळ्या झग्याचा घोळ मागे ओढत चालणारी विधवा. ती दारातच पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत बघून मग आत घेई. उस्तादांनी खोली तपासली. खिडकी बोळाकडे, आणि बोळात एक बकरी. छतावर गेले, तर शेजाऱ्यांच्या टीव्हीची तबकडी आडवी. त्यांनी वहीत लिहिलं, ‘नापास.’ तेवढ्यात तहिया अंगणाच्या टोकाची न्हाणी बघून आली. शायाच्या मुलाने आखातातून पैसे पाठवून नवीन बांधलेली, पांढऱ्या फरश्यांची, खुर्चीच्या संडासाची.

“पास,” तहिया म्हणाली आणि खाटेवर पडली. “आता मला हलवायचं तर खाटेसकट हलवा.”

उस्तादांनी दुसऱ्या दिवशी पहाटे, फजरच्या नमाजाआधी तोंड धुवायला जाताना मनाशी कबूल केलं होतं, की आपल्या नशिबी तक्ताच. न्हाणीत दमट वाटलं म्हणून त्यांनी संडासाच्या बाजूची हातभर खिडकी उघडली. पलीकडे घराचं सांडपाणी एका ओहोळात जात होतं. ओहोळात दाट लव्हाळं, लव्हाळ्यामागे काळे खडक आणि मग नदी. उजाडू लागलं, आणि त्यांच्या नाकासमोर, दहा हातांवर, काळापांढरा खंड्या हवेत टांगल्यासारखा थरथरला आणि दगडासारखा पाण्यात पडला.

उस्तादांनी संडासाचं झाकण खाली केलं आणि त्यावर बसले. खिडकी बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली. पहिल्या तासात सात पक्षी झाले. त्यातले चार आयुष्यात पहिल्यांदा.

दोन तासांनी शायाने तहियाला हळूच विचारलं, “उस्ताद बरे आहेत ना? सकाळपासून आतच आहेत.”

तहियापुढे पेच पडला. नवरा संडासात बसून पाखरं बघतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? “पोट नाजूक आहे हो त्यांचं,” ती म्हणाली.

झालं. बेट ते केवढं! दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं, की तांत्याच्या मास्तरांचं पोट धरत नाही. शायाने डाळिंबाच्या साली उकळून प्यायला दिल्या. दुसऱ्या दिवशी उस्ताद तीन तास आत. शेजारणीने तांदळाची पेज पाठवली. तिसऱ्या दिवशी साडेतीन तास, तर पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी आली आणि तिने उस्तादांना आडवं पाडून त्यांच्या पोटाला तिळाचं तेल चोळलं. नळ दुरुस्त करायला आलेला एक माणूसही जाताजाता दुवा करून गेला.

उस्तादांनी सगळं मुकाट्याने सोसलं, सगळं प्यायले. डाळिंबाच्या सालींचा गुण मात्र आला. चौथ्या दिवशी उस्ताद तहियाच्या कानाशी लागून म्हणाले, “आता मला खरंच त्या कामासाठी बसावं लागतंय, आणि काही होत नाही.”

“भोगा,” तहिया म्हणाली. “मी कोणाकोणाशी काय काय खोटं बोलते आहे, ते माझं मला माहीत.”

पाचव्या दिवशी सकाळी शाया दोन शेजारणींबरोबर अंगणात वाटाणे सोलत बसली होती. तहियाही त्यांच्यात होती. अचानक न्हाणीचं दार बोटभर उघडलं आणि आतून दबका आवाज आला, “तहिया! ये, ये लवकर! आवाज करू नकोस!”

तहिया घाबरून धावली. दार लागलं. आतून कडी.

अंगणातल्या बायकांचे हात थांबले.

“अगं बाई गं!” आतून तहियाचा आवाज आला. “केवढी मोठी!”

“हळू, हळू!”

“आणि रंग तरी बघा, अबू सुहैर! जांभळी, लाल... अल्ला!”

“वीस वर्षं झाली गं,” उस्ताद म्हणाले, “वीस वर्षं मी हिची वाट बघतोय.”

एका शेजारणीने वाटाण्याची शेंग खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणाली, “मूळव्याध.”

शाया उठली आणि तिने दारावर थाप मारली. “उस्ताद! लाजू नका! शलालीला डॉक्टरकडे पाठवते!”

मग कडी निघाली. दारात तहिया उभी. हसू दाबून दाबून तिचा चेहरा लाल झालेला, डोळ्यांतून पाणी. “सित्त शाया,” ती म्हणाली, “आत या, तुम्हीच बघा. त्यांचं पोट तुमच्या-माझ्यापेक्षा धड आहे.”

शायाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. लव्हाळ्यासमोरच्या चिखलात सुलतानाची कोंबडी लाल पाय उचलून उचलून टाकत, एखाद्या मोठ्या घरच्या सुनेसारखी चालली होती.

“ही?” शाया कडाडली. “ही मेली माझ्या कोंबड्यांचा दाणा खाते! रोज चप्पल फेकते मी हिच्यावर!” आणि तिचा हात खरोखरच पायाकडे गेला.

“तुमच्या मुलाची शपथ आहे, सित्त शाया!” उस्ताद आडवे आले. “चप्पल नको!”

शायाने पाहिलं, की मास्तर खरंच रडकुंडीला आलेत. चप्पल तिने पायात घातली. “आणि मी पाच दिवस साली उकळल्या, त्या?”

“चांगल्या होत्या हो.”

“खोटं बोलू नका.”

“जहर होत्या,” उस्ताद म्हणाले.

तेव्हा शाया इतकी हसली, की शेजारणी काय झालं ते बघायला उठून आल्या. मग एकेक करून सगळ्यांनी खिडकीतून कोंबडी पाहिली. रोजची ओळखीचीच कोंबडी, पण मास्तरांच्या समाधानासाठी प्रत्येकीने “माशाल्ला” म्हटलं. दुपारपासून न्हाणीत एक उशी आली, आणि वेळा ठरल्या. उजाडल्यापासून आठपर्यंत उस्ताद. नंतर माणसं.

पाच दिवसांचे बारा झाले. अठ्ठेचाळीसांपैकी एकतीस पक्षी वहीत आले.

तांत्याला परतल्यावर उस्तादांना राहवेना. इब्तिहाल आता स्टेशनजवळ औषधांचं दुकान चालवत होती. ते मुद्दाम तिच्याकडे गेले, गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबले, आणि घसा खाकरून म्हणाले, “मुली, मी तुला एकदा सुलतानाच्या कोंबडीबद्दल खोटं सांगितलं होतं. ती मी पाहिली नव्हती. आता पाहिलीय.”

इब्तिहाल गोंधळली. “कुठली कोंबडी, उस्ताद?” मग तिचा चेहरा बदलला. “मला एवढंच आठवतं, तुम्ही बेडकाच्या आकृतीचे माझे दोन गुण कापले होते. बाण सरळ नाही म्हणून. बसा ना. पोट वगैरे ठीक आहे ना तुमचं?”

पुढच्या हिवाळ्यात हॉटेलांना फोन करायचा प्रश्नच नव्हता. तहियाने थेट शायाला फोन लावला. शाया अवघडून म्हणाली, “खोली गेली गं, उम्म सुहैर. कैरोचे एक डॉक्टर आलेत बायकोला घेऊन. शलालीने माझ्या न्हाणीची कीर्ती नदीभर केली आहे. ते तर तुमच्या माणसापेक्षा जास्त वेळ आत असतात.”

“मग आम्ही बोळाच्या पलीकडे राहू.”

“तिथे बकरी आहे.”

“असू दे,” जनावर नको म्हणणारी तहिया म्हणाली. “पण सात ते आठ खिडकी आमची. डॉक्टरला सांगून ठेव.”

म्हणून त्या वर्षी उस्ताद फिक्री बकरीच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत उतरले. पहिल्याच सकाळी खांद्यावर टॉवेल आणि काखेत वही घेऊन ते शायाच्या अंगणात आपली पाळी यायची वाट बघत उभे राहिले. सात वाजून गेले. दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि हळहळत म्हणाले, “हुकली, उस्ताद. मीनघार होती. आत्ता, आत्ता उडाली.”

“काही हरकत नाही,” उस्ताद म्हणाले, आत गेले आणि त्यांनी कडी लावली.